चेंबरची मेंबरशिप पुरेपूर वापरायची ठरवली: मकरपुऱ्याच्या शेडमधल्या नोंदी

७ एप्रिल २०२५, सोमवार

चेंबरच्या, म्हणजे इथल्या व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेच्या, वार्षिक वर्गणीचं पत्र आलं. बाबांच्या कपाटात १९९६ पासूनच्या पावत्या एका फाइलीत तारखेप्रमाणे लावलेल्या मिळाल्या. एकही वर्ष चुकलेलं नाही. "या बदल्यात आपण काय घेतलं?" असं विचारलं तेव्हा बाबा थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "डायरी येते, कॅलेंडर येतं. दोन-तीनदा जेवायला गेलो होतो."

बाबांना दोष द्यायचा नाही. एम. एस. युनिव्हर्सिटीच्या पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा करून त्यांनी एका हातप्रेसवर ट्रान्सफॉर्मरची गॅस्केटं, म्हणजे तेल गळू नये म्हणून सांध्यात बसवायचे रबरी तुकडे, कापायला सुरुवात केली. सकाळी आठला शेड उघडायची, रात्री आठला बंद करायची. चेंबरच्या मीटिंगा संध्याकाळी सहाला असतात आणि नेमकी तीच आमची डिस्पॅचची वेळ.

पण आता वडोदऱ्याच्या मकरपुऱ्यातली ही शेड मी बघते. माणसं नऊ, प्रेस दोन. अडलेल्या कामांची यादी मोठी आहे आणि ती एकटीने सुटत नाही. म्हणून या वर्षी वर्गणी भरताना ठरवलं की प्रत्येक वेळी एक ठराविक अडचण हातात घेऊनच चेंबरच्या दारात जायचं आणि काय झालं ते इथे लिहायचं.

११ एप्रिल, शुक्रवार

ऑफिसात गेले. काउंटरवरच्या बेनना सरळच विचारलं, "मेंबरला तुमच्याकडून काय काय मिळतं ते सगळं सांगाल का?" त्यांनी खुर्ची दिली आणि पाऊण तास दिला. त्या म्हणाल्या की लोक फॉर्म घ्यायला येतात, असं विचारायला कोणी येत नाही.

एक्स्पोर्टच्या मालासाठी सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, परदेशी जायचं असेल तर व्हिसासाठी शिफारसपत्र, जीएसटी-कामगार-वीज अशा विषयांच्या समित्या, महिन्यातून एकदा वकील आणि सीए यांच्याशी मोफत सल्ला, मीटिंगसाठी हॉल. यातला सल्ला आणि समित्या आम्हाला ठाऊकच नव्हत्या.

मग डिरेक्टरी मागितली. आमचं पान उघडलं आणि वाईट वाटलं. 'रबर गुड्स' एवढंच. खाली सहा आकडी फोन नंबर, जो बंद होऊन जमाना झाला. म्हणजे इतकी वर्षं कोणी गॅस्केट शोधत हे पान उघडलं असेल तर त्याला आम्ही सापडलोच नसणार. वडोदऱ्यात ट्रान्सफॉर्मर बनवणारे आणि दुरुस्त करणारे इतके, आणि आम्ही 'रबर गुड्स'मध्ये, चपलांच्या सोलवाल्यांच्या शेजारी.

तिथेच बसून नवीन मजकूर लिहिला: 'ट्रान्सफॉर्मरसाठी नायट्राइल रबर-कॉर्क गॅस्केट आणि ओ-रिंग, ड्रॉइंगप्रमाणे, एक नगसुद्धा. जाडी ३ ते १२ मिमी. टँक कव्हरसाठी डव्हटेल जोडासह.' 'एक नगसुद्धा' हे शब्द बाबांनी फोनवर घालायला लावले. दुरुस्तीवाल्याला शंभर नग नको असतात, एकच हवा असतो आणि तोही उद्या.

२३ मे, शुक्रवार

पहिली संध्याकाळची मीटिंग. डिस्पॅच दादांवर सोपवून गेले. दादा आमच्याकडे २२ वर्षं आहेत, काळजी नव्हती.

हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं, त्यात बायका चार. प्रत्येकजण कार्ड देतो, घेतो, पुढे जातो. पहिल्या अर्ध्या तासात मीही तेच केलं. पर्समध्ये कार्डांचा गठ्ठा झाला, पण एकाचाही चेहरा लक्षात राहिला नाही.

निघताना मी एक जुनं गॅस्केट बरोबर घेतलं होतं, दुरुस्तीला आलेल्या एका ट्रान्सफॉर्मरमधून निघालेलं. तेल पिऊन काळं पडलेलं, एका बाजूला कागदासारखं दबलेलं आणि दुसऱ्या बाजूला तसंच्या तसं जाड. ते जेवणाच्या टेबलावर ठेवलं. शेजारच्या गृहस्थांनी उचललं, बोटाने दाबून बघितलं आणि म्हणाले, "बोल्ट एका बाजूने कसलेत." बरोबर तेच. कव्हरचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे करत आवळावे लागतात. एका टोकाकडून कसत गेलं की दुसऱ्या टोकाला तेल झिरपतं आणि नाव गॅस्केटवाल्याचं खराब होतं. पुढचा तासभर आम्ही पाच जण त्या एका तुकड्यावरच बोलत होतो. त्यातले एक काका दांडिया बाजारातले, आपलेच मराठी, मांजलपूरला स्प्रिंगा बनवतात. त्यांनी जाताना बजावलं, "कार्ड ठेवून दे बाई. हा तुकडा मात्र दर वेळी आणत जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पाचही जणांना फोन केले. दोघांकडून ड्रॉइंग आलं.

१७ जून, मंगळवार

त्या दोघांपैकी एकाने ऑर्डरीआधी टेस्ट रिपोर्ट मागितला. रबर-कॉर्कच्या शीटसाठी आयएस ४२५३ भाग २ हे मानक आहे. शीट बनवणाऱ्याचं सर्टिफिकेट आमच्याकडे होतं, पण त्याला स्वतंत्र लॅबचं हवं होतं.

मकरपुऱ्यातच इर्डा आहे, १९७४ पासूनची विद्युत संशोधन संस्था. रोज त्या रस्त्याने जाते, आत कधी गेले नव्हते. नमुना कसा द्यायचा हे स्प्रिंगवाल्या काकांना विचारलं. त्यांनी चेंबरच्या तांत्रिक समितीतल्या एका इंजिनियरचा नंबर दिला. त्या माणसाने वीस मिनिटांत कामाची गोष्ट सांगितली: आधी ग्राहकाकडून लिहून घ्या की त्याला नेमक्या कुठल्या चाचण्या हव्यात. किती दबतं, दाब काढल्यावर किती परत येतं, तेलात ठेवल्यावर काय होतं. मानकातल्या सगळ्याच चाचण्या करत बसलात तर फुकट पैसे जातील.

ग्राहकाने तीनच चाचण्या लिहून दिल्या. खर्च मी धरला होता त्याच्या निम्म्याहून कमी आला.

११ जुलै, शुक्रवार

परवा, ९ तारखेला सकाळी पादऱ्याजवळचा महीवरचा गंभीरा पूल कोसळला. वाहनं नदीत गेली, माणसं गेली. शेडमध्ये दिवसभर कुणाचं कामात लक्ष नव्हतं. आमचा टेंपोवाला आठवड्यातून एकदा त्याच पुलावरून बोरसदला जायचा. त्या दिवशी गेला नव्हता.

चेंबरच्या ग्रुपवर ट्रान्सपोर्टवाल्या मेंबरांनी दुपारपर्यंत वासदवरून जायचे मार्ग, वाढणारे किलोमीटर आणि नवे दर टाकले. आज इतकंच.

४ सप्टेंबर, गुरुवार

घरात गणपती, आणि डोक्यात उधारी.

एका कंपनीकडे आमची तीन बिलं अडकली आहेत: २२ एप्रिल, ९ मे, २७ मे. एकूण ₹४,८६,०००. पहिल्या बिलाला आज १३५ दिवस झाले. दर सोमवारी फोन केला की ठरलेलं उत्तर येतं: "पुढच्या आठवड्यात." पर्चेस ऑर्डरवर ९० दिवसांची मुदत छापलेली आहे, तीही उलटली. एवढ्या पैशात आमचा दोन महिन्यांचा पगार आणि शीटचं एक पूर्ण बिल निघतं.

हीच अडचण घेऊन सल्ल्याच्या दिवशी गेले. सीएंनी आधी उद्यम नोंदणीचा, म्हणजे लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीचा, कागद मागितला. त्यावरची तारीख बिलांच्या आधीची आहे ना, ते बघितलं. मग विचारलं, "माल परत केल्याचं किंवा खराब असल्याचं त्यांनी लेखी काही दिलंय?" नाही. फोनवर एकदा म्हणाले होते की तीन गॅस्केटं मापात बसली नाहीत. लेखी काहीच नाही.

त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहून ठेवते.

२००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यात सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. ऑर्डरवर ९० छापलं असलं तरी ४५ च्या पुढे जाता येत नाही. मुदत लेखी ठरलेलीच नसेल तर १५ दिवस. मालाबद्दल तक्रार असेल तर ती माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी कळवावी लागते, नाहीतर माल स्वीकारला असंच धरलं जातं. उशिरावर व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ. सध्या बँक रेट ५.७५ टक्के, म्हणजे १७.२५ टक्के. आमच्या रकमेवर महिन्याला सात हजारांच्या आसपास.

आणि दोन गोष्टी ज्यांची कंपनीच्या अकाउंट्सवाल्यांना खरी चिंता असते. एक, आयकराचं कलम ४३बी(एच): मुदत उलटून गेलेली रक्कम ३१ मार्चपर्यंत दिली नाही तर तो खर्च त्या वर्षी त्यांना धरता येत नाही. दोन, ४५ दिवसांवरची अशी देणी कंपनीला एमएसएमई-१ या फॉर्ममध्ये वर्षातून दोनदा, ३० एप्रिल आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत, सरकारला कळवावी लागतात.

मी लगेच समाधान या थकबाकीच्या तक्रारींच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकायच्या तयारीत होते. सीए म्हणाले, तो रस्ता उघडाच आहे, पण आधी एक पत्र पाठवा. खरेदी विभागाला पाठवू नका, अकाउंट्सच्या प्रमुखाला पाठवा. कारण खरेदीवाल्याला हा कायदा लागतच नाही असं वाटतं, अकाउंट्सवाल्याला तो पाठ असतो.

८ सप्टेंबर, सोमवार

विसर्जन झालं. पत्र पाठवलं. एकच पान: तीन बिलांचे नंबर, माल पोचवल्याच्या चलनावर त्यांच्या गेटचा शिक्का पडल्याच्या तारखा, उद्यम नंबर, आजवरचं व्याज आणि शेवटी एक साधी विनंती, की ३१ ऑक्टोबरच्या फॉर्मआधी हिशेब मिटवू. रागाचा एकही शब्द ठेवला नाही. बाबांनी वाचून दोन विशेषणं काढायला लावली.

आमच्या बिलांवर उद्यम नंबर छापलेला नव्हता. तो आजपासून छापायला घेतला. व्यापाऱ्यांना उशिराच्या पैशांचं हे संरक्षण मिळत नाही, म्हणून बिलावर 'उत्पादक' हेही लिहिलं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

जीएसटीचे नवे दर २२ तारखेपासून. चेंबरच्या सत्राला गेले. रबराची गॅस्केटं १८ टक्क्यांवरच राहिली. आम्ही वापरतो ते पुठ्ठ्याचे खोके १२ वरून ५ वर आले. आमच्यासाठी एवढंच, पण शेजारी बसलेल्या फरसाणवाल्या बेनचा अख्खा धंदा १२ वरून ५ वर आला होता आणि त्या छापून तयार असलेल्या पाकिटांचं काय करायचं हे विचारायला आल्या होत्या. त्यांना तिथेच उत्तर मिळालं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

₹४,१२,००० जमा झाले. पहिली दोन बिलं पूर्ण.

अकाउंट्सच्या प्रमुखांचा स्वतःहून फोन आला. तिसरं बिल, ₹७४,०००, त्या तीन गॅस्केटांमुळे त्यांच्या स्टोअरमध्येच अडकलं होतं. माल मिळाल्याची नोंदच झाली नव्हती, त्यामुळे अकाउंट्सला ते बिल दिसतच नव्हतं. पाच महिने मी ज्या माणसाला फोन करत होते, त्याच्या हातात ते बिल कधी नव्हतंच.

कायद्याने त्यांची तक्रार उशिराची ठरते हे मला माहीत होतं. तरी दादांना कॅलिपर घेऊन पाठवलं. तीन गॅस्केटं खरंच ०.४ मिमी कमी होती, एका जुन्या डायची (कापायच्या साच्याची) धार गेली होती. ती बदलून देणार. चूक आमची आहे तिथे कायद्याच्या आड उभं राहायचं नाही, असं बाबा आणि मी दोघांनी ठरवलं. व्याजही सोडलं. ते ग्राहक आम्हाला हवे आहेत.

रविवारी लक्ष्मीपूजनाची तयारी. पगार आणि बोनस वेळेवर झाला.

२६ ऑक्टोबर, रविवार

लाभपाचम. शेड उघडली, वहीवर कुंकू लावून पहिलं चलन फाडलं. संध्याकाळी चेंबरचं स्नेहमिलन. जुनं गॅस्केट पुन्हा टेबलावर होतं. मस्कतला ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीचं वर्कशॉप चालवणाऱ्याचे इथले नातेवाईक भेटले. त्यांनी फोटो काढून लगेच पाठवला.

३ डिसेंबर, बुधवार

मस्कतची ऑर्डर पक्की. रबर-कॉर्क गॅस्केटं आणि नायट्राइलच्या ओ-रिंगा, दोन खोके, अहमदाबादहून विमानाने. आमची पहिली निर्यात. आयईसी (आयात-निर्यातीचा) कोड काढला, बँकेत एडी कोड (निर्यातीचे पैसे घेणाऱ्या बँकेचा), जीएसटीचं एलयूटी (कर न भरता निर्यात करायचं हमीपत्र). हे सगळं चेंबरच्या निर्यात समितीतल्या एका मेंबरने त्याच्या स्वतःच्या पहिल्या निर्यातीची फाइल समोर ठेवून दाखवलं. कुठला कागद कुठल्या कागदाच्या आधी लागतो, हे वाचून कळत नाही. कुणाची तरी फाइल उलटून बघितली की कळतं.

ग्राहकाला सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन हवं, माल भारताचा असल्याचा दाखला. हे आता डीजीएफटीच्या (केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवरूनच करावं लागतं, १ जानेवारी २०२५ पासून. अर्ज ऑनलाइन, दाखला देणारी संस्था म्हणून आपलं चेंबर निवडायचं, बिल आणि पॅकिंग लिस्ट जोडायची.

९ डिसेंबर, मंगळवार

अर्ज परत आला. कारण योग्य होतं. मी सगळा माल कस्टमच्या एकाच वर्गीकरण कोडखाली टाकला होता, ४०१६ ९३, रबराची गॅस्केटं. ओ-रिंगांना तो बरोबर. पण रबर-कॉर्क हा दाबून बनवलेला कॉर्क, तो ४५०४ मध्ये बघायला हवा.

त्यावर अजून एक प्रश्न. ऑफिसातल्या बेननी विचारलं, "कॉर्क इथे होतो का?" होत नाही. कॉर्क म्हणजे एका जातीच्या ओक झाडाची साल, जगातला जवळजवळ निम्मा पोर्तुगालचा. मग माल भारताचा कसा? दाणे बाहेरून येतात, रबरात मिसळून शीट इथे बनते आणि शीटचं गॅस्केट आमच्या शेडमध्ये होतं. हे सिद्ध करायला शीट बनवणाऱ्याचं बिल आणि आमचं उत्पादनाचं प्रतिज्ञापत्र जोडलं. बेननी दोन्ही कागद नीट वाचले. दाखला दुसऱ्या दिवशी निघाला.

एक गोष्ट मला फार आवडली. त्यांनी अर्ज नुसता परत केला नाही, फोन करून कोणती ओळ का चुकली ते सांगितलं. हीच चूक मस्कतच्या कस्टममध्ये उघडी पडली असती तर खोके तिथेच पडून राहिले असते.

१९ डिसेंबर, शुक्रवार

खोके पोचले. काल मस्कतमध्येच भारत-ओमान व्यापार करारावर सह्या झाल्या. लागू झाला की कस्टम ड्युटीच्या सवलतीसाठी वेगळा दाखला लागेल. निर्यात समितीला आत्ताच लिहून ठेवलं की त्यावर सत्र घ्या, कोडनिहाय.

२० जानेवारी २०२६, मंगळवार

उत्तरायण (संक्रांत) आटोपलं, माणसं परत आली.

शिकाऊ मुलगा ठेवायचा होता. ३० किंवा जास्त माणसं असतील तर शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक असतं, ४ ते २९ असतील तर मर्जीवर. आम्ही मर्जीवाल्यांत. चेंबरच्या कौशल्य समितीने छोट्या शेडवाल्यांना एकत्र करून तरसाली आयटीआयच्या मुलांशी गाठ घालून दिली. एकट्या शेडने गेलं तर मुलं मोठ्या कंपन्यांकडे बघतात. आम्ही अकरा शेड एकत्र गेलो, तेव्हा मुलांनी नीट ऐकून घेतलं.

एक मुलगी आली, फिटर ट्रेडची. पहिल्याच दिवशी दादांनी तिला जुन्या डायची धार नखाने कशी ओळखायची ते दाखवलं. नखावरून बारीक सालपट निघालं तर धार आहे, नुसतं घसरलं तर गेली. तिने अख्ख्या रॅकवरच्या डाय तपासून सहा बाजूला काढल्या. त्या ०.४ मिमीचं दुखणं तिथेच होतं.

२४ मार्च, मंगळवार

₹७४,००० आले. ३१ मार्चच्या सात दिवस आधी.

वर्गणीचं पत्रही आलं. फॉर्मवर प्रतिनिधी म्हणून ३० वर्षं बाबांचं नाव होतं. या वेळी त्यांनी स्वतः माझं लिहिलं आणि दुसऱ्या प्रतिनिधीच्या जागी दादांचं. दादा संध्याकाळच्या मीटिंगला येतील तेव्हा डिस्पॅच मी बघणार.

चेंबरने उधारीच्या अडचणींसाठी दर गुरुवारी चार ते पाच एक टेबल लावायचं ठरवलंय. सीए महिन्यातून एकदाच येऊ शकतात, बाकीचे गुरुवार मी आणि स्प्रिंगवाले काका बसू. कायदा सांगायचा अधिकार आमचा नाही, तो सीएंचा. पण कागद कुठले आणायचे, पत्र कोणाच्या नावाने लिहायचं, स्टोअरमध्ये नोंद झाली आहे की नाही ते आधी कसं शोधायचं, एवढं आम्ही सांगू शकतो.

पहिली फाइल कालच हातात आली. वाघोडियाच्या एका पावडर कोटिंगवाल्याची, सात महिन्यांची थकबाकी. बिलांवर उद्यम नंबर नाही. चलनं आहेत, पण दोनांवर गेटचा शिक्का उमटलेला नाही. त्याला गुरुवारी मूळ चलनबुक घेऊन यायला सांगितलं आहे.